शनिवार नव्हे, तिथी बघा: बडोद्याहून समुद्रावर गरवायला जाताना

प्रश्न असा आहे: "आम्ही बडोद्यातले चौदा जण. गरवण्याचा छंद असलेल्यांचा छोटासा क्लब आहे. आजवर महीच्या काठी आणि आसपासच्या तलावांवर रोहू-कटला पकडले, समुद्रावर कुणीच गळ टाकलेला नाही. दिवाळीनंतर एका शनिवार-रविवारी किनाऱ्यावर तंबू टाकून लाटांमध्ये गरवायचा बेत आहे. कुठे जावं, काय न्यावं, धोका किती? निम्मे जण म्हणतात, खंभातचं आखात जवळ आहे, तिकडेच जाऊ."

आधी शेवटच्या वाक्याचं उत्तर देतो, कारण बाकी सगळं नंतर दुरुस्त करता येईल, हे नाही. आखातात जाऊ नका. कावी-कंबोईचं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. दिवसातून दोनदा ते देऊळ पाण्याखाली जातं. लोक लांबून हात जोडतात आणि परत येतात, पण गरवणाऱ्याने तिथे उभं राहून पाणी किती वेगाने चढतं ते घड्याळ लावून पाहावं. आखाताचा आकार नरसाळ्यासारखा आहे, तोंडाशी रुंद, आत निमुळता आणि उथळ. समुद्राचं पाणी आत शिरतं आणि बाजूला पसरायला जागा नसल्याने वर चढतं. भावनगरच्या बाजूला उधाणाच्या वेळी, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला, भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्याही पुढे जातो, म्हणजे तीन मजली घराएवढा. अलंगला अवाढव्य जहाजं थेट किनाऱ्यावर चढवून तोडतात, ती याच भरतीच्या जोरावर. त्यात तळाला वाळू नाही, गाळ आहे. गुडघाभर गाळात पाय रुतलेला माणूस आणि समोरून येणारं पाणी, यात दुरुस्तीला वेळ नसतो. विश्वामित्रीच्या काठी वाढलेल्या आपल्या लोकांना मगर कुठे असेल याचा अंदाज लहानपणापासून असतो. समुद्राचा तसा अंदाज आपल्याला नाही, तो शिकावा लागतो.

माझा सल्ला नारगोलचा. वलसाड जिल्हा, उमरगाम तालुका, संजाण स्टेशनापासून जवळ. बडोद्याहून साधारण अडीचशे किलोमीटर. पहाटे निघालात तर भरूच-सुरतेचे ट्रक धरूनही जेवणाच्या सुमारास पोचता. किनाऱ्यामागे सुरूची बनं आहेत, सावली मिळते, वरच्या अंगाला पायाखाली चांगली टणक वाळू आहे. तीथल त्याहून जवळ पडतं, पण सुट्टीच्या दिवशी तिथे इतकी माणसं असतात की गळ फेकायला मोकळी पाठ मिळत नाही. दीव मला स्वतःला फार आवडतं, पण दोन दिवसांत जाऊन-येऊन गरवणं म्हणजे सगळा वेळ गाडीत. शिवाय तिथला घोघला किनारा ब्लू फ्लॅगचा आहे (स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना मिळणारं मानांकन), पोहणाऱ्यांसाठी राखलेला, तिथे शिसं भिरकवायची जागाच नव्हे.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही म्हणता "दिवाळीनंतर एका शनिवार-रविवारी". कॅलेंडर घ्या, पण लाल रंगाचे आकडे पाहू नका, तिथी पाहा. आपल्याकडे जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, पौर्णिमेला-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. वद्य पक्षातही प्रतिपदेपासून पुन्हा एकपासूनच मोजायचं. हा हिशेब मुंबई-कोकणचा. उत्तरेकडे सरकाल तशी वेळ पुढे जाते, त्यामुळे नक्की वेळ जवळच्या बंदराच्या कोष्टकात बघायची. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी ही कोष्टकं छापतो, मोबाईलवरही मिळतात. पण बेत ठरवायला पाऊणपट पुरेशी आहे.

आणि त्या पाऊणपटीतूनच एक फार कामाची गोष्ट निघते. नारगोलचा किनारा सपाट आहे. ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की समोर नुसता ओला चिखल-वाळूचा पट्टा राहतो. तिथे गरवायचं ते भरतीच्या शेवटच्या दोन-अडीच तासांत आणि पाणी उतरायला लागल्यावर पहिल्या तासात. मासा काठाशी येण्याची चांगली वेळ म्हणजे संध्याकाळचा संधिप्रकाश आणि पहाट. दोन्ही एकत्र हवं असेल तर पूर्ण भरती संध्याकाळी सहाच्या आसपास पाहिजे, आणि ती मिळते षष्ठी ते अष्टमीला. त्यानंतरची भरती साडेबारा तासांच्या आत-बाहेर, म्हणजे रविवारी पहाटे. एका मुक्कामात दोन पूर्ण भरत्या, दोन्ही योग्य उजेडात. पौर्णिमेच्या शनिवारी गेलात तर भरती ऐन दुपारी आणि ऐन मध्यरात्री, आणि संध्याकाळी तुम्ही चिखलाकडे तोंड करून चहा पीत बसाल.

सप्तमी-अष्टमीच्या सुमाराला भांग असतो. उधाणाच्या मानाने पाणी कमी चढतं, कमी उतरतं, प्रवाहही मऊ असतो. जुने गरवणारे म्हणतील की उधाणाला मासा जास्त लागतो. खडकावर, खाडीच्या तोंडाशी ते मलाही मान्य आहे. पण सपाट किनारा, चौदा नवे लोक आणि अंधार, एवढं एकत्र आल्यावर मी भांगच निवडेन, दहा वेळा विचारलं तरी. जमलं तर शुद्ध सप्तमी-अष्टमी धरा, वद्य नको. शुद्ध पक्षात तंबू ठोकताना, स्वयंपाक करताना डोक्यावर अर्धा चंद्र असतो आणि तो मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. वद्य अष्टमीला चंद्र उगवतोच मध्यरात्री, तोपर्यंत सगळं टॉर्चवर.

पाणी कसं चढतं तेही क्लबातल्या प्रत्येकाला पाठ असलं पाहिजे. भरतीचे सहा तास धरा. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात १ भाग येतो, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, पाचव्यात २, सहाव्यात १. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी. सुरुवातीच्या तासाभरात "अजून वेळ आहे" असं वाटतं ते यामुळेच, आणि फसगत तिथेच होते. किनाऱ्याचा उतार शंभराला एक असेल तर पाणी १ मीटर चढलं की काठ १०० मीटर आत येतो.

१९९४ साली मी आणि माझा मावसभाऊ नवसारीच्या बाजूच्या एका किनाऱ्यावर होतो. पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते, म्हणजे ऐन उधाण. ओहोटीला आम्ही चालत लांब एका वाळूच्या उंचवट्यावर गेलो. जाताना मध्ये एक खोलगट पट्टा लागला, त्यात घोट्याएवढं पाणी होतं. उंचवट्यावर ढोमे मासे लागत होते, एकामागून एक. समोरचं पाणी अजून पोटरीलाही लागलं नव्हतं, म्हणून आम्ही निवांत होतो. मावसभावाने आमिषाचा डबा उचलायला मान वळवली आणि तो नुसता "अरे" म्हणाला. मागचा खोलगट पट्टा भरला होता. पाणी समोरून नव्हे, बाजूने वळसा घालून पाठीमागे आलं होतं. उतरलो तेव्हा कमरेला, मध्यावर छातीला. तळाची वाळू पायाखालून सरकत होती. माझा रॉड, डबा, चपला सगळं गेलं. मावसभावाने डाव्या हाताने माझी कॉलर धरलेली होती, ती त्याने कोरड्या वाळूवर आल्यावरही बराच वेळ सोडली नाही. तेव्हापासून माझा नियम आहे आणि तुमचाही असावा: ज्या उंचवट्याच्या मागे खोलगट भाग आहे तिथे भरतीच्या वेळी उभं राहायचं नाही, मासा कितीही लागत असो. दर अर्ध्या तासाने एकाने शिट्टी वाजवायची आणि सगळ्यांनी मागे वळून पाहायचं. काठावर एक काठी रोवा, पाणी तिला लागलं की सगळे पंधरा पावलं मागे.

म्हणूनच शनिवारी दुपारी पोचल्या पोचल्या सामान उतरवण्याआधी किनारा चालून घ्या. तेव्हा पाणी लांब असेल, तळ उघडा असेल. खोलगट पट्टे कुठे आहेत, उंचवटे कुठे, रोवलेले खुंट आणि जाळी कुठे, हे मोबाईलवर फोटो काढून ठेवा. संध्याकाळी याच खोलगट पट्ट्यांवर पाणी आलं की मासा त्यांतून फिरतो. पाण्यावरून ओळखायचं असेल तर लाट जिथे फुटते तिथे खाली उंचवटा, दोन फुटणाऱ्या लाटांच्या मध्ये गडद, शांत दिसणारं पाणी म्हणजे खोल. गळ त्या गडद पाण्याच्या कडेला पडला पाहिजे. आणि हेही लक्षात ठेवा की समुद्राकडे जाणारी तीच शांत पट्टी म्हणजे परतीच्या पाण्याची खेच. अंघोळीला तिथे कुणी उतरायचं नाही. सापडलाच कुणी तर किनाऱ्याकडे झटायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहून बाजूला निघायचं.

सामानाचं थोडक्यात. तलावावरचे सहा-सात फुटी रॉड इथे लाटेच्या वर लाईन धरू शकत नाहीत. ११ ते १२ फुटी सर्फ रॉड घ्या, १०० ग्रॅमपर्यंत वजन फेकणारे, आणि ५००० ते ६००० आकाराचं रीळ. चौदा जणांनी चौदा विकत घेऊ नका, सात घ्या आणि दोघांत एक वापरा. एक गरवतो, दुसरा पाणी बघतो, ही जोडी सुरक्षेच्याही दृष्टीने उत्तम. मुख्य लाईन ०.३५ मिलिमीटरची, आणि तिच्या पुढे सात-आठ मीटर जाड शॉक लीडर, साधारण ४० पौंडाचा. हा लीडर नसेल तर जोरात फेकताना लाईन तुटते आणि १०० ग्रॅमचं शिसं गोळीसारखं सुटतं. मोजायची सोपी रीत म्हणजे दर २८ ग्रॅम शिशाला १० पौंडाचा लीडर. फेक फक्त डोक्यावरून, सरळ. बाजूने फिरवून फेकणं बंद. फेकण्याआधी मागे वळून पाहायचं आणि मोठ्याने सांगायचं. दोन रॉडमध्ये २० पावलं अंतर.

शिसं पिरॅमिडच्या आकाराचं घ्या, ते वाळूत रुततं. गोल शिसं प्रवाहाबरोबर घरंगळत शेजाऱ्याच्या लाईनीत जातं आणि मग अर्धा तास गुंता सोडवण्यात. गरी सर्कल हुकची, म्हणजे टोक आत वळलेली, १/० ते ३/० आकाराची. सर्कल हुकला झटका मारायचा नसतो, हे तलावावरून आलेल्या हाताला समजावणं सगळ्यात अवघड. तरंगता बुडाला की झटका, ही आपली सवय. इथे रॉड वाकला की तो हळू उचलायचा आणि रीळ फिरवायचं, गरी आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसते. मासा सोडायचा असेल तर तो जगतोही.

आमिष गावातच घ्या. ताजी कोलंबी सगळ्यात बरी, नाहीतर माकूळ किंवा बांगड्याची पट्टी. कोलंबी नुसती टोचलीत तर फेकतानाच उडून जाते. शेपटीकडून गरी घालायची, पाठीच्या वळणाने पुढे न्यायची, टोक डोक्याच्या मागे थोडं उघडं ठेवायचं, आणि मग शिवणकामातला बारीक इलॅस्टिक दोरा आठ-दहा वेढे गच्च गुंडाळायचा. गाठ मारायची गरज नाही, ओढून तोडला की तो स्वतःच धरतो. असं बांधलेलं आमिष खेकड्यांनी कुरतडलं तरी दहा-पंधरा मिनिटं टिकतं. तेवढ्या वेळानंतर न पाहता ओढून बदला.

मासा लागल्याची खूण कशी ओळखायची? रॉडचं टोक दोन-तीनदा ठकठकतं, ती बहुतेक ढोमा किंवा करकरा. लाईन एकदम खाली खेचली जाते तो शिंगाळा किंवा पाकट. आणि एक खूण नवे लोक नेहमी सोडतात: ताणलेली लाईन अचानक ढिली पडते, वाऱ्यावर पोट धरते. मासा आमिष घेऊन तुमच्याकडे येत असतो. तेव्हा भराभर रीळ फिरवून ढिलाई खायची आणि वजन लागेपर्यंत थांबायचं नाही. माझे दोन चांगले रावस असेच आले आहेत. रावस, दाढा रोज लागतील असं मात्र धरून जाऊ नका. शिंगाळा आणि ढोमा, कधी वाम, हाच बहुतेक वेळा संध्याकाळचा हिशेब. जिताडा खाडीच्या तोंडाशी. घोळ २०२३ साली गुजरातचा राज्यमासा ठरला म्हणून भाचेमंडळींनी मला फार विचारलं होतं. तो खोल पाण्यातला मासा, तुमच्या फेकीच्या टप्प्यात येणारा नव्हे.

शिंगाळ्याला तीन काटे असतात, एक पाठीवर, दोन कल्ल्यांमागे, करवतीसारखे आणि विषारी. नुसत्या हाताने धरायचा नाही. ओला टॉवेल, लांब पक्कड, आणि डोकं वाळूत दाबून गरी काढायची. पाकटाच्या शेपटीचा काटा त्याहून वाईट, तिथे लाईन कापून द्या. काटा लागलाच तर जखम सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायची, साधारण ४५ अंश, अर्ध्या ते दीड तासापर्यंत. उष्णतेने वेदना उतरते. चटका बसू नये म्हणून आधी दुसऱ्या माणसाने हात घालून पाहावा, कारण ज्याला काटा लागला आहे त्याला गरम-गार कळत नाही. मग डॉक्टर. म्हणून एक मोठा थर्मास गरम पाण्याचा चहापासून वेगळा ठेवा. चपट्या शेपटीचा साप गरीला लागला तर तो समुद्री साप, लाईन लांबूनच कापा. आपल्या दवाखान्यांत सहसा मिळणारी सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी असते, समुद्री सापासाठी नाही.

तंबू कुठे टाकायचा ते किनाराच सांगतो. वाळलेलं शेवाळ, काटक्या, बाटल्या यांची सगळ्यात वरची रेघ म्हणजे मागच्या उधाणाची खूण. तिच्याही वर टाका. नारळाखाली नको, सुरूच्या वाळक्या फांदीखालीही नको. वाळूत साधे खुंटे धरत नाहीत. पिशवीत वाळू भरून, दोरी बांधून, हातभर खोल पुरा, रात्रभर हलणार नाही. दिवसा समुद्राकडून खारे वारे, पहाटे जमिनीकडून मतलई. संध्याकाळी फेक वाऱ्याविरुद्ध जाईल, तेव्हा जोर लावू नका, मासा तसाही काठाशी आलेला असतो. पहाटे तोच वारा पाठीवर घेऊन तुमची फेक वीस पावलं पुढे जाईल. शेकोटी बनात अजिबात नको. सुरूच्या वाळलेल्या सुयांचा थर कागदासारखा पेटतो. गॅसची शेगडी न्या.

गावाची परवानगी आधी घ्या, ग्रामपंचायत आणि मरीन पोलीस दोन्हीकडे नावं देऊन ठेवा, ओळखपत्रं सोबत. या पट्ट्यातले मांगेले पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगतात आणि त्यांची बोली तुम्हाला ऐकताक्षणी ओळखीची वाटेल. त्यांच्या डोल जाळ्यांच्या खुंटांजवळ गळ टाकू नका, जाळं फाटलं तर एका घराचं नुकसान आहे. त्यांच्या होड्या संध्याकाळी निघाल्या नसतील तर विचारा का. अरबी समुद्रात ऑक्टोबर-नोव्हेंबर हे चक्रीवादळाचे महिने आहेत, हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा शुक्रवारी रात्री बघा आणि इशारा असेल तर बेत रद्द करा, पैसे भरले असले तरी.

दमण तिथून जवळ आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. क्लबाच्या सहलीत बाटली नको. गुजरातेत दारूबंदी आहे ही एक गोष्ट, आणि रात्री भरतीच्या काठी प्यायलेल्या माणसाला सांभाळणं ही दुसरी. मी एका ग्रुपबरोबर जाणं याच कारणाने कायमचं सोडलं.

चौदा जणांना रात्रीच्या कालवणाला चार-पाच मासे पुरतात. वीतभरापेक्षा लहान सोडून द्या, हात ओला करून धरा. आमच्या सीकेपी घरात ढोम्याला आलं-लसूण आणि कोकमाचं आगळ लावून तव्यावर टाकतात, शेगडीवर तेवढंच जमतं आणि तेवढंच पुरे. मासा न खाणारे असतील त्यांच्यासाठी शेव-उसळीचा रस्सा घरून बांधून न्या, शनिवारी दुपारी सगळेच खातील.

घरी आल्यावर रविवारीच रात्री रीळं गोड्या पाण्याने हलक्या धारेने धुवा, जोरात फवारा मारला तर मीठ आत जातं. धुण्याआधी ड्रॅग (रिळाचा ब्रेक) घट्ट करायचा, वाळल्यावर पुन्हा ढिला. सोमवारवर ढकललंत तर बेअरिंग खरखरायला लागलेलं असेल.

रॉड रोवायला बाजारातले स्टँड घेऊ नका. दोन इंची पीव्हीसी पाईपचे साडेतीन फुटी तुकडे, खालचं टोक तिरपं कापलेलं, वाळूत दीड फूट जातात. माझ्याकडे सहा आहेत, रावपुऱ्यात घरी येऊन घेऊन जा, सातवा तुम्ही कापून घ्या. येताना तुम्ही ठरवलेली तारीख आणि तिथी कागदावर लिहून आणा, कोष्टक उघडून दोन्ही भरत्यांच्या वेळा एकत्र बसून लावू.